गव्हाचे दिवस

स्लाइस माझ्या हातात तुटला. फाटायला हवा होता, तो तुटला. नातीला, बटणला, भूक लागली होती, तिच्या आईने डबा माझ्या मांडीवर ठेवून रक्त तपासणीच्या खिडकीपाशी रांग धरली होती. मी झाकण काढलं, वरचा स्लाइस उचलला, अर्धा तिला द्यावा म्हणून दोन्ही बाजूंनी धरला, आणि तो वाळलेल्या चिखलाच्या पापुद्र्यासारखा मधोमध दुभंगला. साडीवर चुरा सांडला. बटणने माझ्या हातातला तुकडा ओढून घेतला आणि ती पुन्हा पळाली कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे. मी दुसरा तुकडा हातात धरून तशीच बसले. गव्हाचा पाव असा वागत नाही. ओढला की तो आधी थोडा येतो, मग हट्ट धरतो, आणि सुटतो तेव्हा त्याच्या कडेला बारीक तंतू लोंबत राहतात. माझा उभा जन्म भट्टीसमोर गेला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, गुडघे गेले, पण बोटांचं अजून काही गेलेलं नाही. मी तुकडा नाकाशी नेला. गव्हाच्या पावाला शिळा झाला तरी एक आंबूस, उबदार वास असतो, झोपून उठलेल्या मुलाच्या मानेला असतो तसा. या तुकड्याला वास होता तो भाताच्या पेजेचा आणि वर थोड्या करपवलेल्या साखरेचा. रंग यावा म्हणून घातलेली साखर. मी तो तुकडा मुठीत लपवला. का लपवला, ते मलाही कळलं नाही.

समोर सून उभी होती, पाठमोरी. ती पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढते. जमिनीखाली कुठली नळी कुठून कुठे जाते, कुठे गळते, हे कागदावर दाखवायचं तिचं काम. तिच्या पाठीवरूनही ते कळतं, ती कशी ताठ उभी राहते त्यावरून. आज मात्र तिचे खांदे सैल होते. कितीतरी महिन्यांनी सैल होते. ती मागे वळून म्हणाली, "आई, दोघांनंतर आपणच. तिला जास्त देऊ नका हं, सुई बघून ओकायची." आणि हसली. शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ नातवाला घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "काय होतंय बाळाला?" सून रांगेतूनच सांगायला लागली, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होती, "गव्हाचा त्रास आहे की काय अशी शंका होती. पण आता दीड महिना रोज गव्हाचा पाव खातेय, आणि उलट वजन वाढलंय. पोट उतरलं. झोपते रात्रभर. म्हणजे ते नाहीच. तरी एकदा रक्त तपासून घ्यायचं, मनात किंतु नको." गृहस्थ म्हणाले, "पाव खाऊन बरी झाली? मग मलाही द्या पत्ता त्या पाववाल्याचा." सून म्हणाली, "तिचा बापच." सगळे हसले. काट्यावर उभी राहून बटण ओरडली, "आजी, मी किती झाले?" तिथली नर्स बाई म्हणाली, "अगं, मघापासून चौथ्यांदा विचारतेस. काटा दमला बिचारा."

मला हसता आलं नाही. 

बटण हे नाव तिच्या आजोबांनी ठेवलं असतं, हे असते तर. ते नव्हते, म्हणून मुलाने ठेवलं. वर्षाची असताना तिचं पोट असं तट्ट फुगलेलं असायचं की बेंबी बाहेर यायची, शर्टाच्या बटणासारखी. आम्ही सगळे त्या बटणावर बोट ठेवायचो आणि ती खिदळायची. पावाच्या घरात पोट सुटलेलं मूल म्हणजे दुकानाची जाहिरात, असं गिऱ्हाईकं म्हणायची. आमच्याकडे पद्धत होती, ह्यांच्या वडिलांपासूनची: सकाळच्या पहिल्या पावाचं टोक, खरपूस, कडक टोक, घरातल्या सगळ्यात लहान तोंडाला द्यायचं. दात येताना माझ्या मुलाने ते चघळलं, बटणनेही चघळलं, पिठाच्या पोत्याला टेकून, भुवयांवर पीठ घेऊन. मग हळूहळू ते नाव घेताना जीभ अडखळायला लागली. पोट तेवढंच राहिलं आणि हातपाय काटक्या झाले. मांड्यांवरची कातडी सैल. चिडकी झाली, कुणी उचललं की किंचाळायची. हागवण, मग कधी कधी चार चार दिवस काहीच नाही, मग पुन्हा हागवण, आणि त्याचा तो वास. तो वास मी ओळखला होता. बोलले नाही, कारण काय बोलणार? सत्तर वर्षांपूर्वीचा वास आहे म्हणून?

माझा एक धाकटा भाऊ होता. त्याला आम्ही पाहुणा म्हणायचो, कारण तो आम्हा सगळ्यांच्या मागून, कुणी वाट बघत नसताना आला. तोही असाच होता, फुगा आणि काड्या. जंताचं औषध झालं, यकृताचं झालं, कुणी सांगितलं म्हणून पोटावर काळा लेप झाला. पचायला हलकं म्हणून आई त्याला दुधात भिजवलेला टोस्ट भरवायची, सकाळ-संध्याकाळ, मांडीवर घेऊन, एकेक चमचा. तो तोंड फिरवायचा आणि आई म्हणायची, "खा रे राजा, अंगाला लागेल." मग एका वर्षी गहू मिळेनासा झाला. बोटी अडकल्या होत्या की पीक बुडालं होतं, मोठी माणसं हलक्या आवाजात बोलायची. टोस्ट नाही, पाव नाही. घरात नुसता तांदूळ आणि मका. आणि त्या वर्षी पाहुणा बरा झाला. मला तो दिसतो अजून, मागच्या भिंतीवर चढलेला, गालावर रंग, मला दगड मारून पळणारा. आई सगळ्यांना सांगत सुटली, नवीन टॉनिक लागू पडलं. त्या टॉनिकची बाटली तिने देवासमोर ठेवायची तेवढी बाकी होती. पुढे गहू आला. आईने पहिल्या दिवशीच त्याच्यासाठी टोस्ट आणले, आठवणीने, त्याचे आवडते म्हणून. टॉनिकही चालूच होतं. सगळं चालू होतं आणि तो पुन्हा फुगला, आणि पुढचा हिवाळा त्याने पाहिला नाही. आई जाईपर्यंत म्हणत राहिली की शेवटी शेवटी टॉनिक भेसळीचं येत होतं. तिला कुणी सांगितलं नाही, सांगणार कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं. मला कळलं ते दोन महिन्यांपूर्वी, सून जेवणाच्या टेबलावर डॉक्टरांनी दिलेली गव्हाच्या आजाराची माहितीपत्रिका मोठ्याने वाचत होती तेव्हा. मी तिथून उठून न्हाणीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

पण त्याआधीच एक घोळ झाला होता. डॉक्टरांकडे जाण्याआधी सुनेने कुणाच्या तरी सांगण्यावरून बटणचा गहू बंद करून टाकला होता. तीन-चार महिने. पोरगी सुधारली. मग आम्ही पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, शाबासकी मिळेल अशा तोऱ्यात. बाई म्हणाल्या, "बंद केलात? आता तपासणीत काही दिसायचं नाही. रक्तात जे शोधायचं ते गहू पोटात जात असतानाच सापडतं. पुन्हा सुरू करा. दीड महिना, रोज दोन स्लाइस, चुकवायचे नाहीत. मग रक्त. रक्तात निघालं तर दुर्बीण घालून आतडं बघायचं." सून म्हणाली, "पण तिला त्रास होतो ना." बाई म्हणाल्या, "म्हणूनच खात्री हवी. हे जन्माचं पथ्य आहे. अंदाजाने जन्माचं पथ्य पाळता येत नाही, घरातलीच माणसं मोडतात."  मुलगा हाताच्या तळव्याकडे बघत बसला होता. घरी येताना गाडीत म्हणाला, "पाव मी भाजतो तिचा. बाहेरचा नको. निदान चांगला तरी खाऊ दे." आम्हाला दोघींना ते रास्त वाटलं. बापच पाववाला, तो दुसऱ्याचा पाव कशाला आणेल?

पहिले दोन दिवस मला आठवतात. दुसऱ्या दिवशी दुपारी बटण फरशीवर उताणी पडून गुडघे छातीशी घेऊन ओरडत होती, आणि मुलगा दारात उभा होता, दुकानातून तसाच आलेला, हाताला पीठ. मी म्हटलं, "उचल रे तिला." तो म्हणाला, "कोणत्या हातांनी उचलू, आई?" मला तेव्हा ते नाटकी वाटलं. त्यानंतर तिला सकाळी शाळेत सोडण्याआधी दुकानात नेऊन तोच भरवू लागला, लोणी लावून, भाजून. उरलेला स्लाइस डब्यात, कागदात गुंडाळून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडणं थांबलं. सून म्हणाली, "सवय होतेय शरीराला." मीही मान डोलावली. आठवड्यागणिक पोरगी फुलत गेली आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघत, एकमेकींकडे बघत, सुखावत गेलो. मी एकदाही डबा उघडून पाहिला नव्हता. आज मुलाला दुकानातून निघायला उशीर झाला म्हणून डबा माझ्या मांडीवर आला.

मूठ घामेजली होती. चुरा बोटांत चिकट होत चालला होता. इसबगोल घातलंय, मी मनात म्हटलं, बांधून ठेवायला. हात चांगला आहे पोराचा. पन्नास पाव फुकट गेले असतील तेव्हा हा असा, वरून अगदी खऱ्यासारखा जमला असेल. आणि मला त्याही क्षणी, देवा, त्या कारागिरीचं कौतुक वाटलं. मग रांगेतला एक माणूस आत गेला आणि सून एक पाऊल पुढे सरकली.

मी हिशेब मांडत होते तो साधाच होता, पण डोकं जागेवर नव्हतं. गेला दीड महिना तिच्या पोटात गहू गेलेलाच नाही. म्हणून ती बरी आहे. म्हणून रक्त कोरं निघेल. रक्त कोरं निघालं की सून म्हणेल, ते नाहीच. मग शाळेत कुणाचा वाढदिवस, कुणाकडे बिस्किटं, कुणाची शेवयांची खीर, आणि ती पुन्हा फरशीवर. आणि तेव्हा आम्ही म्हणू, गहू नाही हं, तो तपासून झालाय, दुसरं काहीतरी आहे. आणि ते दुसरं काहीतरी शोधत बसू. टॉनिक शोधत बसू. पण आत्ता बोलले, तर? तर पुन्हा दीड महिना. खरा पाव. ती फरशी, ते गुडघे छातीशी. काट्यावर उभी राहून ती दोन्ही हात पसरून डुलत होती, गाल भरलेले, पोट सपाट. कुणाच्या तोंडाने सांगायचं की हिला पुन्हा आजारी पाडा?

दार ढकलून मुलगा आला. भुवयांवर पीठ तसंच. बटण "बाबा!" म्हणून त्याच्या पायाला बिलगली. मी त्याला डोळ्यांनी बोलावलं आणि पाण्याच्या मशीनपाशी नेलं. मूठ उघडली. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उतरला की मला तो शाळेतला दिसला.

"तू खाल्लास?" त्याने विचारलं.

"तोडला. खायची काय गरज?"

"आई, हळू बोल."

"हळूच बोलतेय. तांदूळ ना?"

"तांदूळ आणि मका." मग एकदम म्हणाला, "मी माझ्या हाताने भाजून तिला विष देऊ का? तू पाहिलंस ना तिला त्या दिवशी? तुला काय वाटतं, मला झोप लागत होती?"

"विष नाही रे. परीक्षा होती."

"झाली की परीक्षा. मला कळलंय तिला काय झालंय. रक्त कशाला हवं? रिपोर्ट चांगला येऊ दे, बायको शांत होईल, कुणी तिच्या घशातून नळी घालणार नाही. मी आहे ना. मी जन्मभर हाच पाव भाजेन तिच्यासाठी."

"तुझा पाव. आणि बाकीच्या जगाचा?"

त्याने मनगटाने भुवयांवरचं पीठ पुसलं.

"तिला वाटेल मला काही नाही. तिच्या आईला वाटेल काही नाही. एकट्या तुला माहीत. तू काय जन्मभर तिच्या ताटाशी पहारा देणार? लग्न होऊन गेली की मागून डबा घेऊन पळणार?"

"आई, चार वर्षांची आहे ती."

"तेच म्हणतेय मी. तू सांग बायकोला, नाहीतर मी सांगते."

"आत्ता नको. इथे नको. घरी गेल्यावर मी…"

"घरी गेल्यावर तू सांगणार नाहीस. रिपोर्टची वाट बघशील. मी तुला ओळखते, तू माझ्यासारखा आहेस. समोरचा खूश असला की आपल्याकडून बोलवत नाही."

तेवढ्यात आतून नंबर पुकारला. सुनेने बटणला कडेवर घेतलं आणि आम्हाला हाताने खूण केली, या ना, काय गप्पा मारताय. आत एक उंच खुर्ची होती, लोखंडी हातांची, तिच्यावर बटणला आईच्या मांडीवर बसवलं. रक्त घेणारा तरुण होता, सफाईदार. त्याने दंडाला रबराचा पट्टा बांधला, कापूस फिरवला. बटणने विचारलं, "दुखेल?" तो म्हणाला, "मुंगी चावते तेवढं." "लाल की काळी?" "लाल." "लाल जास्त चावते," ती म्हणाली. सून हसली, तिच्या केसांवर ओठ टेकले. इतकी निवांत. मुलगा दारात उभा होता, चौकट धरून. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सुईचं टोपण निघालं, टक्कन.

"थांबा," मी म्हटलं.

"आजी, घाबरू नका हो. बघायचं नसेल तर बाहेर बसा."

"मला भीती नाही. आज रक्त घेऊ नका. त्यातून काही कळणार नाही. तिने गहू खाल्लेलाच नाही."

सुनेने आधी माझ्याकडे पाहिलं, म्हातारीला काहीतरी झालंय अशा नजरेने. मग हळूच तिची नजर दारापर्यंत गेली. तिथे तिला जे कळायचं ते कळलं असावं. नकाशा न बघताही तिला गळती सापडते. "कधीपासून?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा.

"तिसऱ्या दिवसापासून," मुलगा म्हणाला.

तो तरुण सुई हातात धरून आमच्याकडे बघत राहिला. सुनेने स्वतःच पट्टा सोडला. बटणच्या दंडावर त्याचा लाल वळ उमटला होता, त्यावर ती अंगठा फिरवत बसली. मला वाटलं ही आता ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी शिव्या दिल्या असत्या तुला. मोजून दिल्या असत्या. पण मला इतका आनंद झाला होता रे. रोज सकाळी उठून मला आनंद होत होता."  बटण एकदा आईच्या तोंडाकडे, एकदा बापाच्या तोंडाकडे बघत होती. तिने विचारलं, "मुंगी नाही?" तरुण म्हणाला, "आज नाही." ती खुर्चीवरून सरकून उतरली आणि टाळ्या पिटत बाहेर पळाली.

डॉक्टरीणबाईंना फोन मीच केला, कारण दोघंही करेनात.  त्या म्हणाल्या, "बरं केलंत, कळवलंत. पुन्हा सुरू करा. उद्यापासून. फार त्रास झाला तर लगेच फोन करा, अंगावर काढू नका." सुनेने अट घातली: भाजायचा त्याने, पण डोळ्यांसमोर, आणि भरवायचाही त्यानेच. मुलगा म्हणाला, "भाजतो. भरवायचं नको सांगू." ती म्हणाली, "मग मी भरवू? मी?" मी म्हटलं, "मी भरवते." दोघांनीही नाही म्हटलं नाही. म्हातारं माणूस घरात असतं ते बहुधा याच कामांसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किती तरी महिन्यांनी दुकानात गेले, सुनेच्या हाताला धरून. मुलगा कणीक मळत होता. मी शेजारी उभी राहिले, बोटाने दाबून पाहिली. दाबली तिथून ती हळूच वर आली, जिवंत, उबदार. खरी होती. भट्टीतून पाव निघाला तेव्हा तो वास दुकानभर पसरला, आणि माझ्या सबंध आयुष्याचा तो वास आज मला नको झाला. पाठीशी सून उभी होती, पिशवी छातीशी धरून. मी बटणला मांडीवर घेतलं. पाव निवेपर्यंत तिने पाय हलवले, काहीतरी गुणगुणली. मी तुकडा ओढला. तो आला, थोडा हट्ट धरला, सुटला. कडेला तंतू. माझा हात तिच्या तोंडापाशी जाऊन थांबला. माझ्या कानात आईचा आवाज होता, अंगाला लागेल, अंगाला लागेल, आणि मी तो आवाज मागे सारत होते: नाही, मी तसं म्हणणार नाही, मी काही म्हणणार नाही. मुलगा आमच्याकडे पाठ करून भट्टीचं दार उगाच पुसत होता.

बटणने स्वतःच मान पुढे करून घास घेतला. चावला. थांबली. डोळे मोठे झाले.

"आजी," ती म्हणाली, "आजचा मऊ आहे! बाबा, आजचा खूप छान झालाय."

 भट्टीपाशी फडकं थांबलं. तिने माझ्या मनगटाला धरून हात स्वतःकडे ओढला. "अजून दे ना."

मी दुसरा तुकडा ओढला.